ऑफिस सुटतं, पण काम का सुटत नाही? ४८ तासांचा कायदा आणि आपला आठवडा

"दोन मिनिटं कॉलवर येशील का?"

रात्री साडेनऊला येणारा हा मेसेज तुमच्या ओळखीचा असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. कॉल दोन मिनिटांत संपत नाही, हेही तुम्हाला माहीत असेलच.

नोकरी आणि घर यांचा मेळ कसा घालायचा, यावर इन्स्टाग्रामवर रील्सचा पाऊस पडतोय. पहाटे पाचला उठा, टू-डू लिस्ट बनवा, नाही म्हणायला शिका. यातला काही सल्ला चांगलाही असतो. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते की, वेळ पुरत नाही याचा अर्थ तुम्हाला वेळेचं नियोजन जमत नाही.

खरंच तसं आहे का? भारतात कामाच्या तासांवर मर्यादा घालणारा कायदा आहे. मग तो रात्री साडेनऊला कुठे असतो? समजून घेऊया.

हा विषय पुन्हा पुन्हा का पेटतो?

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती एका पॉडकास्टमध्ये म्हणाले की, देशाला पुढे न्यायचं असेल तर तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करायला हवं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनी आणि जपानचं उदाहरण त्यांनी दिलं.

सप्टेंबर २०२४ मध्ये एका आईचं पत्र व्हायरल झालं. तिची २६ वर्षांची मुलगी चार्टर्ड अकाउंटंट होती. मार्च २०२४ मध्ये ती पुण्यात ईवाय या बड्या अकाउंटिंग कंपनीच्या समूहात रुजू झाली आणि जुलैमध्ये तिचा मृत्यू झाला. कामाच्या ओझ्याने मुलीला पोखरलं, असं आईचं म्हणणं होतं. कामाच्या ताणामुळे मृत्यू झाला, हे कंपनीच्या प्रमुखांनी मान्य केलं नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेतली आणि केंद्र सरकारनेही चौकशी करण्याचं जाहीर केलं.

जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचा व्हीडिओ समोर आला. त्यात ९० तासांच्या आठवड्याचं समर्थन होतं, रविवारीही काम करून घेता येत नाही याची खंत होती आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असा सवालही होता. त्यावर मीम्सचा पूर आला. आनंद महिंद्रा यांनी तासांपेक्षा कामाचा दर्जा महत्त्वाचा, असं म्हटलं आणि आपल्याला बायकोकडे बघत बसायला आवडतं, अशी कोटीही केली.

प्रत्येक वेळी आठवडाभर गदारोळ होतो आणि मग विषय मागे पडतो. मधल्या काळात रात्रीचे कॉल मात्र सुरूच राहतात.

९० तास म्हणजे नेमके किती?

साधा हिशेब करून बघू. आठवड्यात १६८ तास असतात. रोज ८ तास झोप धरली तर ५६ तास गेले. उरले ११२.

आता त्यातून काम वजा करा.

- ४८ तासांचा आठवडा: उरतात ६४ तास
- ७० तासांचा आठवडा: उरतात ४२ तास
- ९० तासांचा आठवडा: उरतात २२ तास

यात प्रवास धरलेलाच नाही. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या ट्रॅफिक इंडेक्समध्ये पुणे जगातल्या सर्वांत संथ शहरांत चौथं होतं. १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटांहून जास्त वेळ लागतो, असं त्यात दिसलं. हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्याला रोज जाणाऱ्याला हे इंडेक्स सांगायची गरज नाही. कल्याण-डोंबिवलीहून मुंबईला किंवा विरारहून अंधेरीला जाणाऱ्यालाही नाही.

जाऊन-येऊन रोज दोन तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे १२ तास. ७० तास काम करणाऱ्याकडे मग ३० तास उरतात आणि ९० तास काम करणाऱ्याकडे फक्त १०. या १० तासांत आंघोळ, जेवण, कपडे, किराणा, आई-वडिलांचा फोन, मुलांचा अभ्यास आणि दवाखाना बसवायचा. म्हणजे दिवसाला दीड तासही नाही.

मग लोक करतात काय? झोप कापतात. आठची सहा करतात, सहाची पाच.

शरीराचं आणि कामाचं काय होतं?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना म्हणजे आयएलओ यांनी २०२१ मध्ये एक संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो, असा त्याचा निष्कर्ष होता. जास्त तास काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात जगात अंदाजे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले, असंही त्यात म्हटलं होतं.

आपल्या केंद्र सरकारच्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालातही हा मुद्दा आला. आठवड्याला ५५-६० तासांच्या पुढे काम केल्यास आरोग्यावर वाईट परिणाम होऊ शकतात आणि रोज १२ किंवा त्याहून जास्त तास डेस्कवर घालवणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य खालावलेलं दिसतं, असं या अहवालाने आधीच्या अभ्यासांच्या आधारे नोंदवलं. म्हणजे ही तक्रार फक्त 'आळशी जेन-झी'ची नाही. सरकारी कागदावरही ती आहे.

बरं, आरोग्य बाजूला ठेवू. जास्त तास बसल्याने काम तरी जास्त होतं का?

स्टॅनफर्ड विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ जॉन पेनकाव्हल यांनी पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या जुन्या नोंदी तपासल्या. आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत तास वाढतील तसं उत्पादन वाढत होतं. त्यापुढे वाढीचा वेग मंदावत गेला. ७० तास काम करणाऱ्यांचं उत्पादन ५६ तास काम करणाऱ्यांपेक्षा फारसं वेगळं नव्हतं. थोडक्यात, वरचे १४ तास जवळपास वायाच गेले.

आणि मूर्तींनी उदाहरण दिलेला जर्मनी? ओईसीडी या श्रीमंत देशांच्या गटात एका कामगारामागे वर्षाला सर्वांत कमी तास काम होणाऱ्या देशांत आज जर्मनीचा नंबर लागतो.

दुसरीकडे आयएलओच्या आकडेवारीनुसार भारतात काम करणाऱ्यांपैकी जवळपास ५१ टक्के लोक आठवड्याला ४९ किंवा त्याहून जास्त तास काम करतात. त्यामुळे भारतीय कमी राबतात, हा समज आकड्यांपुढे टिकत नाही.

मग कायदा काय सांगतो?

कारखान्यांसाठी १९४८ चा कारखाने कायदा होता. आठवड्याला ४८ तास, दिवसाला ९ तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास सुट्टी आणि जास्तीच्या कामाला दुप्पट दराने पैसे, असे त्याचे मुख्य नियम होते.

ऑफिस, दुकान, हॉटेल, आयटी कंपनी यांच्यासाठी महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा आहे. त्यातही दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली, आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी आली आणि ओव्हरटाइमला दुप्पट मोबदला आला.

म्हणजे कागदावर सगळं आहे. गोम आहे ती 'कामगार कोण' या प्रश्नात.

याच कायद्यात म्हटलंय की, गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय स्वरूपाच्या पदावर असलेल्यांना हा कायदा लागू नाही. साध्या भाषेत, तुम्ही मॅनेजर किंवा सुपरवायझर असाल तर ४८ तासांचं कवच तुमच्यासाठी नाही.

आता तुमच्या ऑफिसमधली पदनामं आठवून बघा. असिस्टंट मॅनेजर, असोसिएट लीड, डेप्युटी मॅनेजर, टीम लीड. यातल्या किती जणांच्या हाताखाली खरंच माणसं आहेत? किती जणांना कुणाची रजा मंजूर करायचा किंवा कुणाला कामावर घ्यायचा अधिकार आहे? व्हिजिटिंग कार्डवर 'मॅनेजर' आणि दिवसभर काम एक्सेल शीट भरायचं, अशी अवस्था अनेकांची असते.

पदाचं नाव काय आहे यापेक्षा प्रत्यक्ष काम काय आहे हे कामगार कायद्यांत महत्त्वाचं मानलं जातं आणि न्यायालयांनीही वेळोवेळी हाच निकष लावलाय. पण त्यासाठी कुणीतरी दाद मागायला जावं लागतं. नोकरीत असताना ते कोण करणार?

एक तरतूद मात्र फार कमी लोकांना माहीत असते. ज्यांना या कायद्यातून असं वगळलंय, त्यांची यादी कंपनीने आपल्या वेबसाइटवर आणि वेबसाइट नसेल तर ऑफिसात दिसेल अशा ठिकाणी लावायची असते. तिची प्रत सरकारी अधिकाऱ्यालाही द्यायची असते. तुमच्या ऑफिसात अशी यादी कधी पाहिली आहे?

अंमलबजावणीची स्थिती कशी आहे, याची झलक २०२४ मध्ये दिसली. ते पत्र व्हायरल झाल्यावर राज्याच्या कामगार विभागाचे अधिकारी ईवायच्या पुण्यातल्या ऑफिसात गेले. तेव्हा या ऑफिसची दुकाने-आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचं आढळलं, असं अधिकाऱ्यांच्या हवाल्याने बातम्यांत आलं. ऑफिस अनेक वर्षांपासून सुरू होतं. तिथे तपासणी व्हायला एक मृत्यू आणि एक व्हायरल पत्र लागलं.

नवे बदल कोणत्या दिशेने?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कामाच्या तासांतल्या बदलांना मंजुरी दिली. कारखान्यांत दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास आणि दुकाने-आस्थापनांत ९ वरून १० तास करायची. तीन महिन्यांत करता येणाऱ्या ओव्हरटाइमची मर्यादा १४४ तासांपर्यंत न्यायची. आस्थापना कायद्याची तरतूद १० ऐवजी २० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणांपुरती ठेवायची. गुंतवणूक आणि रोजगार वाढावा म्हणून हे बदल आहेत आणि जास्तीच्या कामाला दुप्पट मोबदला मिळेल, असं सरकारचं म्हणणं आहे. कामगार संघटनांनी त्याला विरोध केला.

पाठोपाठ २१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राच्या चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यांत दिवसाला ८ तासांचं तत्त्व आहे, ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे आणि ओव्हरटाइमसाठी कामगाराची संमती लागेल असंही म्हटलंय. पण इथेही तोच प्रश्न येतो. व्यवस्थापकीय पदावरचे आणि महिन्याला १८ हजारांपेक्षा जास्त पगार घेणारे पर्यवेक्षक 'कामगार' या व्याख्येबाहेर आहेत. शहरातल्या ऑफिसात टीम लीड म्हणून खरंच पर्यवेक्षणाचं काम करणारा जवळपास प्रत्येक जण ही रेषा ओलांडतो.

आणि संमतीचं काय? अप्रेझल ज्याच्या हातात आहे त्यानेच "थांबशील ना आज?" विचारलं, तर त्याला नाही म्हणायला किती जण धजावतील?

रात्रीचा कॉल येतो कुठून?

सगळा दोष एखाद्या खडूस बॉसवर ढकलणं सोपं आहे. पण बॉसही बऱ्याचदा त्याच वेळी ऑनलाइन असतो. ही व्यवस्था कशी चालते, ते पाहू.

पहिलं कारण आहे घड्याळ. पुण्या-मुंबईतल्या आयटी आणि बॅक ऑफिसच्या कामाचा मोठा ग्राहक अमेरिकेत आहे. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. सॅन फ्रान्सिस्कोत ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. म्हणजे ग्राहकाची सकाळची मीटिंग ही आपली जेवणाची किंवा झोपेची वेळ असते. रात्रपाळी असेल आणि सकाळी सुट्टी असेल तर एकवेळ ठीक. पण अनेक टीम्समध्ये सकाळी दहाचा स्टँडअप इथल्या लोकांबरोबर आणि रात्री दहाचा कॉल तिथल्या लोकांबरोबर, असे दोन्ही असतात. तिथेच दिवस १२ तासांचा होतो.

दुसरं कारण आहे बिलिंग. एखादं काम ठरावीक रकमेत, ठरावीक तारखेला द्यायचं असं कंत्राट असेल, तर जितकी कमी माणसं लावू तितका नफा जास्त. आठ जणांचं काम सहा जणांत बसवलं की उरलेल्या दोघांचे तास सहा जणांच्या संध्याकाळी आणि शनिवार-रविवारातून निघतात. टाइमशीटवर मात्र रोजचे ठरलेले ८ किंवा ९ तासच दिसतात. जे कागदावर दिसत नाही, त्याचा ओव्हरटाइम होत नाही.

ऑडिट आणि टॅक्समध्ये हेच काम कॅलेंडर करतं. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांना तिमाही निकाल ४५ दिवसांत जाहीर करावे लागतात. रिटर्न भरायच्या तारखा ठरलेल्या असतात. दरवर्षी त्याच महिन्यांत तीच धावपळ होणार, हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. तरी त्या महिन्यांसाठी जास्त माणसं घेण्याऐवजी आहेत त्यांनाच 'सीझन आहे' असं सांगितलं जातं.

तिसरं कारण म्हणजे फोन. व्हॉट्सॲपवर ऑफिसचा ग्रुप आणि घरचा ग्रुप एकाखाली एक असतात. भाचीच्या वाढदिवसाचा फोटो बघायला फोन उघडावा आणि वर क्लायंटचा मेसेज दिसावा. उत्तर दिलं नाही तरी डोक्यात काम सुरू झालेलं असतं. मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये आपल्या सॉफ्टवेअरच्या जगभरातल्या वापरावरून सांगितलं की, रात्री आठनंतरच्या मीटिंग्ज वर्षभरात १६ टक्क्यांनी वाढल्या.

चौथं कारण भीतीचं. अनेक कंपन्यांत ९० दिवसांचा नोटीस पीरियड असतो. नवीन कंपनीला माणूस महिन्याभरात हवा असतो. ईएमआय सुरू असतो. बाहेर त्याच जागेसाठी रांग लागलेली असते आणि आता त्यात एआयमुळे नोकऱ्या जाण्याच्या बातम्यांची भर पडली आहे. अशा वेळी 'बाउंड्री सेट करा' हा सल्ला ऐकायला छान वाटतो, पण तो पाळण्याची किंमत प्रत्येकाला सारखी पडत नाही.

९० तास काम करणाऱ्याच्या घरी कोण असतं?

बायकोकडे बघत बसण्याच्या वक्तव्यावर खूप हसून झालं. पण त्यातला एक प्रश्न कमी लोकांनी विचारला. आठवड्याला ९० तास ऑफिसात असणाऱ्याचा डबा कोण भरतं? त्याच्या आईला डॉक्टरकडे कोण नेतं? मुलाच्या शाळेच्या मीटिंगला कोण जातं?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात याचं उत्तर मिळतं. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. असं काम करणारे पुरुष घालवतात ८८ मिनिटं. म्हणजे बाई जवळपास पावणेपाच तास आणि पुरुष साधारण दीड तास.

२८९ मिनिटं रोज, म्हणजे आठवड्याला सुमारे ३४ तास. या सरासरीत पूर्णवेळ गृहिणीही आहेत, त्यामुळे नोकरदार बाईचा आकडा यापेक्षा कमी असेल. पण तो निम्मा धरला तरी ४८ तासांच्या नोकरीवर आणखी १७ तास चढतात आणि आठवडा ६५ तासांचा होतो. अनेक बायका ७० तासांच्या जवळपास कधीच पोहोचल्या आहेत. त्यांच्यावर पॉडकास्ट होत नाहीत, इतकंच.

म्हणून रात्रीच्या कॉलचा परिणामही सगळ्यांवर सारखा होत नाही. साडेआठचा कॉल एकाची वेब सिरीज चुकवतो, तर दुसरीचा स्वयंपाक, मुलाचं जेवण आणि सासूबाईंची औषधं, सगळंच कोलमडतं. मग 'सध्या प्रमोशन नको' किंवा 'थोडे दिवस ब्रेक घेते' असे निर्णय होतात. त्याला वैयक्तिक निवड म्हटलं जातं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. पण सत्ताविसाव्या आठवड्यानंतर रात्री दहाच्या कॉलचं काय करायचं, यावर कायदा काही बोलत नाही.

रविवारची सुट्टी तरी कशी मिळाली?

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टीच नव्हती. 'दीनबंधु' चालवणारे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या आणि हजारो सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या वेळेला मर्यादा आणि पगार वेळेवर.

सहा वर्षं पाठपुरावा चालला. १८९० मध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि त्यात दोन स्त्री कामगारही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खात्याचे सदस्य होते. १९४६ च्या कारखाने कायद्यातल्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आज आपण ज्या ४८ तासांबद्दल बोलतोय, ते असे आले.

गिरणी कामगाराला एक फायदा मात्र होता. भोंगा वाजला की यंत्र गिरणीतच राहायचं. आपलं यंत्र आपल्या खिशात येतं.

'राइट टू डिस्कनेक्ट' म्हणजे काय?

कामाची वेळ संपल्यावर फोन, मेल किंवा मेसेजला उत्तर न देण्याचा आणि त्यासाठी शिक्षा न होण्याचा हक्क.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० पेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना याबाबत कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. पोर्तुगालने २०२१ मध्ये उलट बाजूने नियम केला. अगदी आणीबाणी सोडली तर कामाच्या वेळेनंतर कर्मचाऱ्याशी संपर्क न करण्याची जबाबदारी मालकावर टाकली. ऑस्ट्रेलियात हा हक्क २६ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला. तिथे बॉस फोन करू शकतो, पण तुम्ही न उचलल्याबद्दल तो कारवाई करू शकत नाही. अपवाद एकच, तुमचा नकार अवाजवी नसावा. पद काय, पगारात अशा कामाचा मोबदला धरलाय का, कारण किती तातडीचं, घरची जबाबदारी काय, हे सगळं त्यात बघितलं जातं.

भारतात बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी असं विधेयक लोकसभेत आधी २०१८ च्या डिसेंबरमध्ये आणि पुन्हा ५ डिसेंबर २०२५ ला मांडलं. नियम मोडणाऱ्या कंपनीला कर्मचाऱ्यांच्या एकूण वेतनाच्या एक टक्का दंड, अशी त्यात तरतूद आहे. पण हे खासगी सदस्याचं विधेयक आहे. असं विधेयक संसदेत मंजूर होऊन कायदा झाल्याची शेवटची घटना १९७० मधली आहे. त्यामुळे 'आता बॉसचा फोन उचलायची गरज नाही' असे फॉरवर्ड आले तर थांबा. तसा कायदा अजून झालेला नाही.

झाला तरी तो सगळ्यांना पुरेल का? डिलिव्हरी करणाऱ्यासाठी ॲप बंद करणं म्हणजे कमाई बंद करणं. छोट्या दुकानातल्या, बांधकामावरच्या, घरकाम करणाऱ्या लोकांपर्यंत ४८ तासांचा नियमही नीट पोहोचलेला नाही. ऑफिसातल्या माणसाची तक्रार त्यामुळे खोटी ठरत नाही, पण हा प्रश्न लॅपटॉपवाल्यांपुरता नाही हे लक्षात ठेवायला हवं.

आज आपल्या हातात काय आहे?

कायदा बदलेपर्यंत वाट बघायची का? काही गोष्टी आत्ता करता येतात.

ऑफर लेटर वाचा. पगाराच्या आकड्यापुढेही वाचा. कामाचे तास, शिफ्ट, ऑन-कॉल ड्युटी, नोटीस पीरियड यांबद्दल काय लिहिलंय? काहीच नसेल तर सही करण्याआधी मेलवर विचारा.

तास लिहून ठेवा. रोज किती वाजता सुरू केलं आणि किती वाजता थांबलो, एवढंच. महिन्याभराने 'खूप काम आहे' याऐवजी 'मागच्या चार आठवड्यांत सरासरी ६१ तास झाले' असं म्हणता येतं. मॅनेजरलाही वर माणूस मागायचा असेल तर आकडाच लागतो.

एकट्याने नाही, टीमने ठरवा. खरंच आग लागली असेल तर फोन, बाकी सगळं मेलवर आणि ते सकाळी बघायचं. रात्रीच्या कॉलला आळीपाळीने एकेक जण. रात्री उशिरा बसलेला दुसऱ्या दिवशी उशिरा येईल. असे नियम एकट्याने पाळले तर तो 'ॲटिट्यूड' ठरतो, सगळ्यांनी मिळून पाळले की ती पद्धत होते.

तक्रारीची जागा माहीत असू द्या. आस्थापना कायद्याच्या तक्रारी जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात करता येतात. आयटीतल्यांसाठी पुण्यातली नाइट्स ही संघटना अशा प्रश्नांवर काम करते.

घरातलं टाइमशीटही भरा. आठवडाभर घरातलं कोणतं काम कोणी केलं, ते फ्रिजवर कागद लावून लिहा. रविवारी तो कागद दोघांनी मिळून वाचा.

ताण हाताबाहेर जातोय असं वाटलं तर बोला. झोप उडाली, भूक गेली, छातीत धडधडतं किंवा जगणं नको वाटतं, असं काही होत असेल तर 'सीझन संपल्यावर बघू' म्हणू नका. डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत आहे.

यातल्या कशानेही अमेरिकेतली सकाळ आणि आपली रात्र बदलणार नाही. कंत्राटात किती माणसं धरायची, मॅनेजर कुणाला म्हणायचं, तपासणी कधी करायची, हे निर्णय कंपन्यांचे आणि सरकारचे आहेत. पहाटे पाचला उठून ते सुटत नाहीत.

लोखंड्यांच्या निवेदनावर ज्यांनी सह्या केल्या, त्यांना कुणी वेळेचं नियोजन शिकवलं नव्हतं. त्यांनी सगळ्यांनी मिळून एक दिवस मागितला होता. तो मिळायला सहा वर्षं लागली. सध्या निदान तो दिवस तरी हातचा जाऊ नये, हे आपल्याला बघावं लागेल. येत्या रविवारी "दोन मिनिटं कॉलवर येशील का?" असा मेसेज आला, तर उत्तर देण्याआधी टीममधल्या बाकीच्यांना एकदा विचारून बघा. तो मेसेज त्यांनाही आलेला असण्याची शक्यता बरीच आहे.